क्लच धरत नाही की सोडत नाही? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी क्लचविषयी बरीच पत्रे आली आणि त्यांपैकी बहुतेकांत एकच अडचण मांडलेली आहे. मेकॅनिकने ‘क्लच गेला’ असे सांगितले आहे आणि गाडी उघडावी की नाही हे मालकाला ठरवता येत नाही. या एका निदानाखाली परस्परविरुद्ध असे दोन बिघाड येतात. पेडल सोडलेले असताना क्लच धरत नाही, हा पहिला. आणि पेडल दाबलेले असताना क्लच सोडत नाही, हा दुसरा. दोहोंची कारणे वेगळी, तपासण्या वेगळ्या आणि खर्चही वेगळा. क्लचच्या कामात गिअरबॉक्स उतरवून पुन्हा चढवण्याची मजुरी ही मोठी रक्कम असते, त्यामुळे ती मोजण्याआधी ड्रायव्हरच्या जागेवर बसून, बॉनेट उघडून आणि गाडीखाली डोकावून जे कळण्यासारखे आहे ते कळून घ्यावे. खालील उत्तरांत म्हणूनच दुरुस्तीच्या आधी निदानाला जागा दिली आहे.

प्रश्न : माझ्याकडे क्लच वायर असलेली छोटी पेट्रोल गाडी असून ती सुमारे ७० हजार किलोमीटर चालली आहे. पाच माणसे, सामान आणि एसी चालू अशा स्थितीत कसारा घाट चढताना इंजिनचा आवाज वाढला, पण वेग वाढेना. पुढे जळकट वासही येऊ लागला. इगतपुरीला थोडा वेळ थांबल्यावर गाडी नीट चालली आणि शहरात आजही काही जाणवत नाही. एका मेकॅनिकने पूर्ण क्लच सेट बदलायला सांगितले आहे, तर दुसऱ्याने वायर थोडी सैल करून काम झाल्याचे सांगितले. कोणाचे खरे मानावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दोघांचेही काही अंशी खरे असू शकते आणि त्याचे कारण वायरच्या क्लचच्या रचनेतच आहे. इंजिनला जोडलेले फ्लायव्हील आणि त्यावर बोल्टने बसवलेली प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. हा दाब प्रेशर प्लेटमधली पोलादी स्प्रिंग देते. तुम्ही पेडल दाबता तेव्हा वायर फोर्कला ओढते, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग त्या स्प्रिंगच्या पाकळ्यांवर, म्हणजे मेकॅनिक ज्यांना फिंगर म्हणतात त्यांवर, दाब देते आणि प्लेट मोकळी होते. वायरच्या बहुतेक गाड्यांत पेडल सोडलेले असताना बेअरिंगने फिंगरवर भार टाकू नये म्हणून पेडलला थोडी मोकळी चाल, म्हणजे फ्री प्ले, ठेवलेली असते.

आता प्लेटचे अस्तर झिजत गेले की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि फिंगरची टोके उलट गिअरबॉक्सकडे, म्हणजे बेअरिंगच्या दिशेने येतात. याचा अर्थ असा की झीज वाढते तसा फ्री प्ले आपोआप कमी होत जातो आणि वेळेवर वायर सैल केली नाही तर एक दिवस तो शून्यावर येतो. मग पेडलवर पाय नसतानाही बेअरिंग फिंगरना ढकलत राहते, स्प्रिंगचा पूर्ण दाब प्लेटवर पडत नाही आणि क्लच घसरतो. घसरण्यातून उष्णता निर्माण होते आणि त्या उष्णतेने झीज आणखी वेगाने होते. तुमच्या दुसऱ्या मेकॅनिकने वायर सैल करून हा फ्री प्ले परत मिळवून दिला. घसरण्याचे कारण तेवढेच असेल तर गाडी खरोखर बरी झाली. अस्तरच संपत आले असेल तर पहिल्या मेकॅनिकचे म्हणणे थोड्याच दिवसांत खरे ठरेल.

शहरात काही जाणवत नाही यावरून निश्चिंत होऊ नये. सिग्नलवरून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये निघताना गाडी सहज वेग घेते आणि इंजिनला आपला पूर्ण जोर क्षणभरच लावावा लागतो. चढणीवर भरलेली गाडी वरच्या गिअरमध्ये ओढताना मात्र तो पूर्ण जोर बराच वेळ क्लचमधून जात राहतो, त्यामुळे पकड कमी झालेला क्लच आधी तिथेच उघडा पडतो. शिवाय अस्तर फार तापले की त्याचे घर्षण तात्पुरते घटते. इगतपुरीला थांबल्यावर गाडी सुधारली ती यामुळे. तो जळकट वास अस्तराचाच होता.

पुढची तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. इंजिन बंद ठेवून पेडल हाताच्या बोटांनी हळूच खाली दाबा. सुरुवातीला ते जवळजवळ विनाजोर खाली जाते आणि नंतर एकदम जड लागते. ही जी हलकी चाल असते ती फ्री प्ले. गाडीच्या पुस्तिकेत दिलेले माप अंतिम मानावे, पण वायरच्या छोट्या गाड्यांत ते साधारणपणे १० ते २५ मिलिमीटरच्या आत असते. त्यानंतर बॉनेट उघडून वायरच्या टोकाला असलेला आटे पाडलेला दांडा आणि त्यावरचे नट पाहा. नट आट्यांच्या मध्यावर असेल तर अजून वाव आहे. सैल करत करत तो अगदी टोकाला आला असेल तर प्लेट झिजून संपत आली आहे, असे गाडी न उघडताही बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

फ्री प्ले बरोबर असल्याची खात्री झाल्यावर मोकळ्या, सपाट आणि रहदारी नसलेल्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने जात असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. निरोगी क्लच असेल तर इंजिनचे फेरे आणि गाडीचा वेग हळूहळू एकत्रच वाढतात. फेरे एकदम उसळले आणि वेगाचा काटा मागे रेंगाळला तर क्लच घसरतो आहे. उभ्या गाडीवरही एक तपासणी होते. हँडब्रेक ओढून, उजवा पाय मोकळा ठेवून, तिसऱ्या गिअरमध्ये पेडल हळूहळू सोडले तर इंजिन गचके देऊन बंद पडले पाहिजे. ते बंद न पडता चालूच राहिले तर क्लचमध्ये पकड उरलेली नाही. समोर माणूस किंवा भिंत नसताना आणि एकदाच ही तपासणी करावी. काही जण खात्री पटावी म्हणून ती पुन्हापुन्हा करतात आणि उरलेसुरले अस्तर त्यातच जाळतात.

एक गोष्ट मात्र पेडलवरून कळत नाही, ती म्हणजे तेल. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात त्या सांध्याच्या खालच्या बाजूला हात लावून पाहा. तिथे ओल असेल तर क्रँकचे, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, मागचे ऑइल सील किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे, म्हणजे क्लच प्लेट ज्या दांड्यावर बसते त्याचे, सील गळत असण्याची शक्यता आहे आणि ते तेल प्लेटवर पोहोचले असेल तर फ्री प्ले कितीही नीट लावला तरी क्लच घसरणारच. बोटाला लागलेल्या तेलाचा वास घ्यावा. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र, नाकात बसणारा वास असतो, इंजिन ऑइलला तो नसतो. सील न बदलता नुसता क्लच सेट बदलणे म्हणजे नवी प्लेट त्याच तेलात भिजवणे होय.

गाडी उघडावी लागलीच तर काम चालू असताना गॅरेजमध्ये जाऊन जुने भाग स्वतः पाहावेत. प्लेटच्या अस्तरात रिव्हेटची डोकी किती खोल आहेत हे पाहावे. ती पृष्ठभागापासून ०.३ ते ०.५ मिलिमीटरवर आली असतील तर प्लेट संपली. रिव्हेट वर आले असतील तर फ्लायव्हीलवर गोलाकार चरे दिसतील. फ्लायव्हीलवर निळसर डाग दिसले तर ते जागोजागी जळाल्याचे लक्षण असून असे फ्लायव्हील लेथवर पाठवावे लागते. बारीक भेगा खोल गेल्या असतील तर ते बदलावे लागते. प्रेशर प्लेटच्या फिंगरची टोके एकसारख्या उंचीची आहेत का आणि बेअरिंगने त्यांवर खड्डा पाडला आहे का, हेही पाहून घ्यावे. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग ही तिन्ही एकदमच बदलावीत, कारण बेअरिंगवर वाचवलेल्या पैशांच्या कित्येक पट मजुरी ते बेअरिंग सहा महिन्यांनी वाजू लागले की पुन्हा द्यावी लागते. जुन्या प्लेटला नवे अस्तर मारून देण्याची पद्धत आजही काही ठिकाणी चालते. छोट्या गाडीसाठी मी ती सुचवणार नाही, कारण प्लेटच्या मधल्या धक्काशोषक स्प्रिंगा आणि आतले खाचे झिजलेले असतात ते तसेच राहतात. क्लचमधली काळी भुकटी हवेच्या नळीने उडवू देऊ नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते आणि नसले तरी ती भुकटी फुप्फुसात जाणे बरे नव्हे.

तुमच्या बाबतीत आधी फ्री प्ले मोजावा आणि चौथ्या गिअरची तपासणी करावी. गाडी त्यात उत्तीर्ण झाली तर सेट बदलण्याची घाई नको, पण दर हजार किलोमीटरला फ्री प्ले पाहत जावे. फ्री प्ले बरोबर असूनही फेरे उसळत असतील तर मात्र सेट बदलेपर्यंत ती गाडी घेऊन कोणत्याही घाटात जाऊ नये.

प्रश्न : न्यूट्रलमध्ये गाडी उभी असताना गिअरबॉक्सच्या बाजूने घरघर ऐकू येते. पेडल दाबले की ती थांबते. मेकॅनिक रिलीज बेअरिंग बदलायला सांगतो. ते योग्य आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बहुधा नाही. रिलीज बेअरिंगवर भार येतो तो पेडल दाबल्यावर, त्यामुळे त्याचा आवाज पेडल दाबताना सुरू होतो किंवा वाढतो. तुमच्याकडे उलट घडते आहे. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेले असताना गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट फिरत असतो आणि पेडल दाबले की तो थांबतो. म्हणून पेडल दाबल्यावर थांबणाऱ्या आवाजाचा संशय प्रथम त्या शाफ्टच्या बेअरिंगवर घ्यावा. गिअर ऑइलची पातळी आधी तपासावी आणि तेल काढताना त्यात धातूचा चुरा येतो का ते पाहावे. डिझेल गाडी असेल आणि फ्लायव्हील दुहेरी वस्तुमानाचे, म्हणजे ड्युअल मास प्रकारचे असेल, तर मंद गतीवर खडखड आणि इंजिन बंद करताना ठणकन होणारा आवाज हे त्याच्या झिजेचे लक्षण असते. तुम्ही लिहिलेल्या घरघरीशी ते जुळत नाही.

प्रश्न : माझ्या डिझेल गाडीचा क्लच हायड्रॉलिक आहे. रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज येतो आणि पहिला गिअर अडकत पडतो. सकाळी पेडल जवळजवळ तळाला जाते, तीन-चार वेळा दाबले की पुन्हा वर येते. ब्रेक ऑइलच्या बाटलीतली पातळी हळूहळू खाली जाते म्हणून गॅरेजवाल्याने मास्टर सिलिंडर नवा बसवला. काही दिवस ठीक गेले, आता पुन्हा तोच त्रास आहे. आता तो गिअरबॉक्स उघडायला सांगतो.
— एक वाचक, सांगली

उत्तर : ही ‘सोडत नाही’ या गटातली तक्रार आहे. हायड्रॉलिक क्लचमध्ये वायरऐवजी तेल काम करते : पेडलजवळचा मास्टर सिलिंडर ते नळीतून ढकलतो आणि गिअरबॉक्सजवळचा स्लेव्ह सिलिंडर त्या दाबाने रिलीज बेअरिंग हलवतो. पेडल दाबूनही प्लेट फ्लायव्हीलपासून पूर्ण सुटत नाही, इनपुट शाफ्ट फिरत राहतो आणि त्या फिरत्या शाफ्टवर गिअर टाकायचा प्रयत्न होतो. पुढच्या गिअरना सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर जुळण्याआधी त्यांचे वेग सारखे करणारा भाग, असल्यामुळे ते कसेबसे पडतात; अनेक गाड्यांत रिव्हर्सला तो नसतो, म्हणून खर्र आवाज सर्वांत आधी रिव्हर्सला येतो. हे पडताळून पाहण्यासाठी इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून पाहावेत. बंद इंजिनवर ते लोण्यासारखे पडत असतील आणि चालू इंजिनवर अडत असतील तर दोष क्लचकडे आहे. बंद इंजिनवरही अडत असतील तर गिअर लिव्हरच्या केबली किंवा गिअरबॉक्स तपासावा लागेल.

पेडल पंप केल्यावर फरक पडतो, हे तुम्ही लिहिले आहे ते फार महत्त्वाचे आहे, कारण त्याने दोष हायड्रॉलिक भागात असल्याचे जवळजवळ निश्चित होते. प्लेट वाकली असती किंवा फोर्क झिजला असता तर दहा वेळा पेडल मारूनही फरक पडला नसता. आता पातळीचा विचार करू. मास्टर सिलिंडरमधला रबरी कप आतल्या आत तेल मागे सोडत असेल तर पेडल खाली बसते, परंतु बाटलीतली पातळी बदलत नाही, कारण तेल यंत्रणेतच राहते. पातळी खाली जाते आहे याचा अर्थ तेल कुठेतरी बाहेर पडते आहे. ते तीन ठिकाणी दिसू शकते. पहिली जागा पेडलच्या वर, जिथे मास्टर सिलिंडरचा दांडा केबिनमध्ये येतो; तिथला मॅट उचलून आणि दांड्याच्या रबराखाली बोट फिरवून पाहावे. दुसरी जागा मधल्या नळीचे सांधे. तिसरी आणि तुमच्या बाबतीत अधिक संशयास्पद जागा म्हणजे स्लेव्ह सिलिंडर.

स्लेव्ह सिलिंडर दोन प्रकारचे असतात. काही गाड्यांत तो गिअरबॉक्सच्या बाहेर बोल्टने बसवलेला असतो. त्याचे धूळ-रबर हलकेच मागे सरकवून आत तेल दिसले की निदान झाले. असा सिलिंडर बदलायला गिअरबॉक्सला हात लावावा लागत नाही. दुसऱ्या प्रकारात तो रिलीज बेअरिंगसह इनपुट शाफ्टभोवती, बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या पुढच्या आवरणाच्या, आत असतो. तो गळू लागला की तेल बेल हाउसिंगच्या तळाच्या छिद्रातून ठिबकते आणि प्लेटवर उडाले तर क्लच पुढे घसरूही लागतो. तुमच्या गाडीत दुसरा प्रकार असेल तर गॅरेजवाला गिअरबॉक्स उतरवायला सांगतो त्यात गैर नाही. पण तो कोणत्या भागासाठी उतरवणार आहे हे त्याला विचारून लिहून घ्यावे. आतला स्लेव्ह सिलिंडर दुरुस्त न करता पूर्ण नवाच घालावा आणि गाडी बरीच चालली असेल तर गिअरबॉक्स खाली आहे तोवर क्लच सेटही पाहून घ्यावा.

नवा भाग घातल्यावर नळीतली हवा नीट काढली नाही तर पेडल स्पंजासारखे लागते आणि सगळा दोष नव्या भागावर येतो. एकाने पेडल तळाला दाबून धरायचे, दुसऱ्याने स्लेव्हचे निपल उघडून लगेच बंद करायचे आणि मगच पेडल सोडायचे, असे बुडबुडे थांबेपर्यंत करावे लागते. पेडल आपोआप वर आले नाही तर ते हाताने उचलावे आणि बाटली या काळात रिकामी होऊ देऊ नये. आत डॉट ३ की डॉट ४ घालायचे ते झाकणावर लिहिलेले असते. आपण त्याला ब्रेक ऑइल म्हणतो खरे, पण त्यात चुकून थोडे जरी इंजिन ऑइल गेले तरी सगळी रबरे फुगून निकामी होतात. हे द्रव हवेतली ओल शोषून घेते, म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ते बदलावे. गाडीच्या रंगावर सांडले तर रंग उखडतो. लगेच पाण्याने धुवावे.

आणखी एक सूचना, जी खरे तर आधी यायला हवी. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांची बाटली एकच असते. क्लचची नळी बाटलीत वरच्या बाजूला असल्यामुळे पातळी घटली की प्रथम क्लच बोंबलतो आणि ब्रेकसाठी तळाशी साठा उरतो. ती योजना चांगली आहे, पण नुसते तेल भरत राहून गाडी चालवण्याचा तो परवाना नव्हे. गळती सापडेपर्यंत रोज सकाळी पातळी पाहावी.

प्रश्न : मुलगी नुकतीच गाडी शिकली आहे. सिग्नलला ती क्लच दाबून, पहिल्या गिअरमध्ये थांबते आणि चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरते. मला ते खटकते. ती म्हणते, क्लासमध्ये असेच शिकवले.
— एक पालक, ठाणे

उत्तर : दोन सवयींपैकी दुसरी अधिक महाग आहे. पेडल पूर्ण दाबलेले असताना प्लेट मोकळी असते, तिची झीज होत नाही. झिजते ते रिलीज बेअरिंग आणि दुखतो तो डावा गुडघा. सिग्नल लांबचा असेल तर न्यूट्रल करून पाय काढून घ्यावा, एवढे पुरे. हाफ क्लचवर गाडी तोलून धरणे म्हणजे मात्र गाडीचे सगळे वजन घसरत्या प्लेटवर झेलणे आहे. खंडाळ्याच्या घाटात रविवारी संध्याकाळी वाहतूक तुंबली की रस्ताभर जो जळका वास पसरतो तो याचाच. चढावर थांबल्यावर हँडब्रेक ओढावा, पहिला गिअर टाकून पेडल गाडी किंचित दबेपर्यंत सोडावे, ॲक्सिलरेटर देत मगच हँडब्रेक खाली करावा. मोकळ्या चढावर ही रीत चार-सहा वेळा गिरवली की पाठीमागे हॉर्न वाजत असतानाही हात डळमळत नाही. चालत्या गाडीत डावा पाय पेडलवर टेकवून ठेवण्याची सवय तिला आहे का, हेही पाहा. तेवढ्या वजनानेही बेअरिंग फिंगरना दाबत राहते. उतारावर पेडल दाबून गाडी सोडणे तर पूर्ण वर्ज्य, कारण इंजिनचा अटकाव गेला की सारा भार ब्रेकवर येतो.

प्रश्न : महिन्यापूर्वी पूर्ण क्लच सेट नवा घातला. तेव्हापासून पहिल्या गिअरमध्ये आणि रिव्हर्समध्ये निघताना गाडी थरथरते. गॅरेजमध्ये ‘बसेल हळूहळू’ असे सांगतात. किती दिवस वाट पाहावी?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नवे अस्तर फ्लायव्हीलशी जुळायला साधारण ५०० किलोमीटर शहरी चालवणे लागते आणि त्या काळात किंचित थरथर क्षम्य आहे. महिनाभरात तेवढे अंतर झाले असेल आणि थरथर कमी होत नसेल, तर ती आपोआप जाणार नाही. फ्लायव्हील लेथवर पाठवले होते का, हे प्रथम विचारा. जळके डाग असलेल्या जुन्या फ्लायव्हीलवर नवी प्लेट बसवली तर ती कठीण झालेल्या जागांवर धरत-सोडत जाते आणि गाडी थरथरते. फ्लायव्हील ड्युअल मास असेल तर ते सहसा लेथवर घासत नाहीत, त्याची हालचाल तपासून गरज पडल्यास बदलतात.

दुसरी शक्यता बसवण्यातल्या निष्काळजीपणाची आहे. गिअरबॉक्स चढवताना तो नीट आधार न देता इनपुट शाफ्टवर लोंबकळत ठेवला तर त्याचे वजन प्लेटच्या मधल्या भागावर येऊन प्लेट वाकते. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडेथोडे न आवळता एका बाजूने गच्च केले तर ती तिरकी बसते. इनपुट शाफ्टच्या खाच्यांना ग्रीस पुसटच लावायचे असते; ते जास्त झाले तर फिरताना उडून अस्तरावर जाते. ग्रीसच्या हातांनी अस्तर धरले तरीही हाच त्रास होतो. यांपैकी काहीही बाहेरून दिसत नाही.

म्हणूनच गिअरबॉक्स पुन्हा उतरवायला होकार देण्याआधी इंजिनच्या माउंटिंगकडे, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणाऱ्या रबरी आधारांकडे, पाहावे. गिअरबॉक्स काढताना एक-दोन माउंटिंग सोडावीच लागतात आणि जुने रबर त्या वेळी फाटणे किंवा बोल्ट सैल राहणे अगदी नेहमीचे आहे. बॉनेट उघडे ठेवून, हँडब्रेक लावून, कोणीही समोर उभे न राहता, पेडल किंचित सोडून इंजिनवर हलका भार द्या आणि बाजूला उभ्या असलेल्या माणसाला पाहू द्या. इंजिन जागेवरून मोठ्या प्रमाणात उचलले जात असेल तर आधी माउंटिंग बदला. त्याने फरक पडला नाही तर तुम्ही पैसे दिलेल्या कामाचीच ती तक्रार आहे आणि पुढच्या मजुरीचा भार तुमच्यावर येऊ नये, हे बिल दाखवून स्पष्ट सांगावे. जुने भाग परत घेतले नसतील तर या वेळी अवश्य घ्या.

प्रश्न : आम्ही मुंबईत राहतो, एक जुनी गाडी गुहागरजवळच्या घरी असते. जूनपासून गणपतीपर्यंत ती बंद होती. आता इंजिन लगेच सुरू होते, पण चालू इंजिनवर एकही गिअर पडत नाही; इंजिन बंद असताना सगळे पडतात. पावसाळ्याआधी क्लच उत्तम होता. गावातला मेकॅनिक गाडी टो करून चिपळूणला न्यायला सांगतो.
— एक वाचक, मुंबई

उत्तर : टो करण्याआधी थांबा. कोकणातल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या ओतीव लोखंडाला गंज चढतो आणि महिनोन्महिने त्यांच्यामध्ये दाबून राहिलेली प्लेट त्या गंजाने चिकटून बसते. पावसाळ्याआधी उत्तम असलेला क्लच उभ्या उभ्या असा बिघडला असेल तर झीज हे कारण संभवत नाही. मात्र आधी एक पाहावे. कोणालातरी पेडल दाबायला सांगून फोर्क किंवा स्लेव्ह सिलिंडर खरोखर हलतो का ते तपासावे. वायर गंजून अडकली असेल किंवा हायड्रॉलिक तेल उतरले असेल तर फोर्क हलणार नाही आणि उपाय तिथेच करावा लागेल.

फोर्क हलत असेल तर प्लेट चिकटली आहे असे समजून पुढे जावे. इंजिन न्यूट्रलमध्ये १०-१५ मिनिटे चालवून गरम होऊ द्या. गाडी बंद पडवीत किंवा गॅरेजमध्ये असेल तर हे काम बाहेर आणून करावे, आत धुराने जीव गुदमरतो. मग गाडी ढकलून मोकळ्या, सपाट रस्त्यावर किंवा मैदानावर आणा, पुढे शंभरेक मीटर कोणी नाही याची खात्री करा. इंजिन बंद करून पहिला गिअर टाका, क्लच पूर्ण दाबा आणि तसाच दाबून धरून स्टार्टर मारा. प्लेट चिकटलेली असल्यामुळे पेडल दाबलेले असूनही गाडी चालू लागेल, याची तयारी ठेवावी. पेडल न सोडता ॲक्सिलरेटर झटक्याने द्या आणि सोडा, मध्येच ब्रेक दाबा. अशा उलटसुलट ओढीने बहुतेक वेळा प्लेट ठक्कन सुटते आणि इंजिन मोकळे फिरू लागते. थांबावेसे वाटले तर ब्रेक दाबून इंजिन बंद करावे, मात्र चावी पूर्ण मागे फिरवून स्टिअरिंग लॉक होऊ देऊ नये. काही प्रयत्नांत प्लेट सुटली नाही तर हट्ट धरू नये, कारण ते धक्के गिअरबॉक्सलाही बसत असतात. तेव्हा मात्र चिपळूण गाठावेच लागेल. सुटल्यावर पहिले काही किलोमीटर गाडी थोडी थरथरेल, गंज पुसला गेला की ती थांबेल.

पुढच्या पावसाळ्यात गावातल्या कोणा विश्वासू माणसाला पंधरा दिवसांतून एकदा गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणायला सांगा. नुसते इंजिन चालू करून बंद केल्याने क्लचचा काही फायदा होत नाही, दर वेळी गिअर टाकून गाडी हलली पाहिजे. प्लास्टिकचे आच्छादन गाडीला घट्ट लपेटू नका, त्याखाली ओल कोंडते. हँडब्रेक ओढून ठेवू नका, कारण मागचे ब्रेकही असेच चिकटतात. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना पुढून-मागून दगड लावावेत.